आजच्यापुरतं नको

सतरा वर्षांची होईपर्यंत रंगुबाईला पत्ता नव्हता. आटपाडीकडं गाव होतं, पण तिथं मुक्काम पावसाळ्यापुरता. दिवाळी उरकली की मेंढरं पुढं, घोडं मागं, घोड्यावर बिऱ्हाड, आणि वाट कृष्णाकाठच्या रानांची. जेठ लागला की परत माघारी. रस्ता म्हणजे चालायची गोष्ट, एवढंच तिला माहीत. रस्त्याच्या कडेला घर असतं, घराला नंबर असतो आणि त्या नंबरावरून लोक माणसाची लायकी ठरवतात, हे शहाणपण तिला सांगलीत आल्यावर मिळालं. आज ती चौसष्ट वर्षांची आहे. सत्तेचाळीस वर्षांत एकाच शहरातल्या चार रस्त्यांवर राहिली, आणि चारही रस्ते एकमेकांना ओळखत नाहीत. तिलाच सगळे ठाऊक आहेत.

पहिला रस्ता मार्केट यार्डामागचा बोळ. नवरा तात्याबा हळदीच्या पोत्यांचा हमाल, आणि ती हळद निवडायला. हळकुंडं एका बाजूला, गड्डे दुसऱ्या बाजूला, दिवसभर. बोळातलं गटार पिवळं, बायकांची नखं पिवळी, तान्ह्या पोरांचे कानसुद्धा पिवळे. पत्र्याच्या खोल्या एकमेकींना चिकटून, त्यामुळं दार लावायचा प्रश्नच नव्हता. लावलं तरी पलीकडच्या घरातल्या फोडणीचा ठसका यायचाच. भांडणं रोज. पण सात वाजता सुरू झालेलं भांडण साडेनऊला संपायचं, कारण दहाला सगळ्यांनाच कामावर जायचं असायचं. संध्याकाळी त्याच बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत बसायच्या. रंगुबाई म्हणते, तिथं कुणी कुणावर उपकार केले नाहीत, कारण उपकार करण्याइतकं कुणाकडं काही नव्हतंच.

दुसरा रस्ता गावभागातला. तात्याबाला वाटलं, पोरगी झाली आहे, जरा बऱ्या वस्तीत राहावं. एका दुकानामागची खोली मिळाली. रस्ता स्वच्छ, बोलणं मऊ, दारात रांगोळी. रंगुबाई एका खानावळीत भाकरी थापायला जायची. नळ मालकीणबाईंच्या अंगणात होता. पहिल्या दिवशी रंगुबाई घागर घेऊन गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजच्या दिवस घ्या हं भरून." दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या, "आजच्या दिवस घ्या." बाई वाईट नव्हत्या. संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या, राणीला जुनी पुस्तकं द्यायच्या. पण पाण्याला मात्र रोज आजचाच दिवस. तेवीस वर्षं! तेवीस वर्षं रोज सकाळी रंगुबाई "व्हय बाई" म्हणाली आणि उद्यासाठी पुन्हा भिकारीण झाली. तात्याबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "पाणी मिळतंय न्हवं? मग बोलण्यात काय हाय?" बोलण्यात काय असतं ते भाकरी थापणाऱ्या बाईला कळलं, हमालाला कळलं नाही. असो. २००५च्या महापुरात पाणी खिडकीपर्यंत आलं, नंतर मालकांना खोली हवी झाली, आणि तो रस्ता सुटला.

तिसरा शामरावनगराच्याही पुढं, गुंठेवारीतला. कागदावर वीस फुटी रस्ता, प्रत्यक्षात चिखल. रिक्षावाला कोपऱ्यावरच उतरवायचा आणि वर दोन शब्द हळहळायचा. तात्याबा गेला तो नेमका श्रावणात. गुडघाभर पाण्यातून त्याला खांद्यावरून नेला. पुढं दोन कर्नाटकातले गवंडी, मागं एक भेळवाला आणि एक शाळेचा शिपाई. कुणी कुणाचं नात्यातलं नव्हतं. तेरावं झालं आणि त्या चौघांनीच बोळ गोळा केला, म्हणाले, आता बास. घरटी माणूस आलं, मुरूम आला, आणि रंगुबाईनं नवऱ्याच्या दुखवट्यात घमेली वाहिली. लोक काय म्हणतील, असं राणी म्हणाली. रंगुबाई म्हणाली, "लोकच हायती की हितं. बघ, घमेलं उचलत्यात."

२०१९ला परत पूर आला. बोटीतून बाहेर पडताना राणीनं ठरवलं, आता पाण्याजवळ राहायचं नाही. राणी कुपवाडच्या बाजूच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पुराच्या वेळी छत्तीसची. लग्न झालं होतं, पटलं नाही, परत आली, त्यात सांगण्यासारखं जास्त काही नाही. तिनं जागा शोधायला सुरुवात केली, आणि आईनं पहिल्यांदाच हट्ट धरला, की घ्यायची तर हरितकुंज कॉलनीतच. का, ते सांगितलं नाही. राणीला वाटलं, आईला बंगल्यांची हौस आली.

हौस कसली! तो कॉलनीतला रस्ता म्हणजे जुनी पाणंद. कुपवाडकडून यायची, ओढ्यावरची मोरी ओलांडायची आणि पुढं माधवनगरच्या अंगानं नदीकडं जायची. रंगुबाई दहा वर्षांची असताना कमरेवर कोकरू घेऊन त्याच वाटेनं चालली होती. तेव्हा दोन्हीकडं शाळू होता. आता तेरा बंगले आहेत, आणि कोपऱ्यावर राणीचं दोन खोल्यांचं घर. मोटारीला मोरी अरुंद पडते, म्हणून मोटारी येतात त्याच तोंडानं परत जातात. माणसं, सायकली आणि मेंढरं मात्र आरपार. दर दिवाळीनंतर रंगुबाईचा धाकटा भाऊ बिराप्पा एकशे साठ मेंढरं घेऊन तिथूनच जातो. तो जाताना ती दारात उभी राहायची, भाकरीचं गठुडं त्याच्या हातात द्यायची, आणि दहा मिनिटांत सगळं पार व्हायचं. वर्षातली तेवढी दहा मिनिटं दारात हवीत, म्हणून तिनं तो रस्ता निवडला होता.

त्या चौथ्या रस्त्यावर कुणी कुणाशी बोलत नाही. माणसं गाडीतून जातात, गाडीतून येतात, काचा वर. पहिल्याच आठवड्यात समोरच्या बंगल्यातल्या संयोगिताबाईंनी तिला विचारलं, "मावशी, कुणाकडं कामाला आहात?"

"माझ्याकडं," रंगुबाई म्हणाली.

संयोगिताबाई वाळव्याकडच्या बागायतदार घरातल्या, पण शरम शाबूत असलेल्या. संध्याकाळी थालीपीठं घेऊन आल्या. तेव्हापासून दोघींचं बरं आहे. बाकीच्यांना रंगुबाई दिसायचीच नाही. बंगल्याच्या सावलीतली दोन खोल्यांची बाई दिसायला कारण लागतं.

म्हणूनच घोटाळा झाला. गेल्या उन्हाळ्यात कॉलनीचे अध्यक्ष नाथाजीराव तिच्या दारात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. "सुरक्षेसाठी गेट बसवतोय, सर्वांच्या सह्या घेतोय," म्हणाले. सर्वांच्या! म्हणजे त्या सर्वांत ती आली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या रस्त्यावरचं कुणीतरी तिच्याकडं कामासाठी आलं होतं. तिला वाचता येतं, सावकाश येतं, पण येतं. तिनं वाचलं नाही. खुशीत पदराला हात पुसले आणि झोकात सही ठोकली. मेंढरं डोक्यातही आली नाहीत. शाळा शिकलेली माणसंही खूश झाली की हेच करतात, तेव्हा तिला एकटीला हसण्यात अर्थ नाही.

गणपतीच्या आधी गेट उभं राहिलं. निळं, दोन झडपांचं, त्यावर भाल्यासारखी टोकं. शेजारी अडीच फुटांचं छोटं गेट, दूधवाल्यांसाठी आणि कामवाल्या बायकांसाठी. धनाजी नावाचा पहारेकरी आला. आणि दिवाळीनंतर बिराप्पाचा फोन आला, "आक्का, सोमवारी सकाळी तुझ्या दारात." तेव्हा कुठं रंगुबाईच्या डोक्यात मेंढरं आली.

ती तडक नाथाजीरावांकडं गेली.

"बसा आजी," ते म्हणाले.

"आजी म्हणू नगा, तुमी माझ्याहून मोठं हायसा. सोमवारी माझा भाऊ मेंढरं घिऊन येतोय. सकाळचं जरा गेट उघडं ठिवाय सांगा."

"मेंढरं? किती?"

"एकशे साठ. धा मिंटाचं काम हाय."

नाथाजीरावांनी चष्मा काढला. "अहो, ही निवासी कॉलनी आहे. गेल्या वर्षी लेंड्यांनी रस्ता कसा झाला होता, विसरलात? माझी नवी गाडी होती."

"वाट आधीची हाय. कॉलनी मागनं आली."

"ते असू दे. मेन रोड आहे की त्यांना. चांगला चौपदरी आहे."

"त्यो डंपरला चांगला हाय," रंगुबाई म्हणाली. गेल्या वर्षी कवठेमहांकाळकडच्या एका मेंढपाळाची नऊ मेंढरं त्याच रस्त्यावर डंपरखाली गेली होती. डंपर थांबलासुद्धा नाही. हे तिनं सांगितलं.

नाथाजीरावांनी ऐकून घेतलं, हळहळलेही. मग फाईल उघडून एक कागद तिच्यापुढं सरकवला. पाच नंबरला तिची सही होती. र लांबट, शेवटची रेघ खाली ओढलेली. वर लिहिलं होतं, 'गुरेढोरे, फेरीवाले व अनोळखी व्यक्ती यांना मज्जाव करण्यास आमची संमती आहे.'

"हे तुम्ही सही करण्याआधी बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

ती उठली आणि घरी आली. भात करपेपर्यंत चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, उभी राहिली.

राणीला कळलं तेव्हा ती थकून सोफ्यावर पडली होती. "आई, मामाला सांग, मेन रोडनं सांभाळून जा म्हणावं. मीही येते मदतीला. वर्षातल्या एका दिवसासाठी इथं वाईटपणा कशाला घ्यायचा? आपल्याला इथं राहायचंय."

"मी चार ठिकाणी राह्यले. कुठं मेले का?"

"तसं नाही गं." राणी छताकडं बघत होती. "गावभागातल्या शाळेत मला पोरी नाक दाबून 'बें' करायच्या. तुला कधी सांगितलं नाही. इथं मी फक्त सिस्टर आहे. तेवढं राहू दे की."

लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण खरं असलं म्हणून काय झालं! तिनं फोन उचलला आणि अंगणात गेली. बिराप्पा अंजनी गावाच्या आसपास कुठंतरी होता, मागं कुत्रं भुंकत होतं.

"आक्का, गेट बसवलंय म्हणं तिकडं? मेन रोडनं घालू का?"

तिनं नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. भाऊ स्वतःच विचारत होता. नाथाजीराव खूश, राणी खूश. राहता राहिली मेंढरं, आणि बिराप्पाची बायको, जी कळपाच्या मागं चालते, म्हणजे डंपरच्या सगळ्यांत जवळ.

"नेहमीच्या वाटंनं ये," रंगुबाई म्हणाली.

"गेट?"

"त्ये माझं मी बघते. तू ये."

सोमवारी नाथाजीरावांनी सकाळी सातलाच मोठ्या गेटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून घरी गेले. धनाजीला सांगून ठेवलं, मेंढरं मेन रोडला लागेपर्यंत उघडायचं नाही. एरवी धनाजी गाडी आली की कडी काढायचा, त्याच वेळी कळप आत घुसेल ही त्यांना भीती. विचार बरोबर होता. फक्त आठ ते नऊ या वेळात कॉलनीतल्या सात मोटारी बाहेर पडतात, हे अध्यक्षांच्या ध्यानात राहिलं नाही. निवृत्त माणसाचं असं होतं.

आठला पाच मिनिटं कमी असताना पाणंदीवर धूळ उठली. पुढं बिराप्पा, डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर काठी. मागं लोकरीचा लोंढा. सगळ्यांत शेवटी त्याची बायको आणि घोडं, घोड्यावर वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, शिवाय भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, आणि दोन्ही बाजूंना झोळीतून डोकी काढलेली कोकरं. कळप गेटाला येऊन थडकला आणि बसायला लागला. आतल्या बाजूला पहिली मोटार येऊन थांबली. धनाजी मध्ये.

"मावशी, माझ्या हातात काय न्हाई बगा," तो म्हणाला.

"तुझ्या हातातलं कोण मागतंय?" रंगुबाई छोट्या गेटापाशी गेली. त्याला कुलूप नव्हतंच, नुसती कडी. तिनं ती काढली, गेट भिंतीला टेकवलं, खाली वीट लावली आणि बाजूला उभी राहिली. "बिराप्पा, शेळी सोड रं पुढं."

"मावशी, त्ये मानसांसाठी हाय!"

"कुठं लिवलंय? दाखव."

धनाजीनं गेटावरच्या पाटीकडं बोट केलं. अनोळखी व्यक्तींना प्रवेश नाही.

"मग हितं अनोळखी कोण हाय? ह्या शेळीची आई बी माझ्या वळखीची हुती."

कळपात चार शेळ्या असतात, त्या उगाच नसतात. मेंढरू अडलं की अडलं, पण शेळी जिथं घुसेल तिथं त्याला जायचंच असतं. बिराप्पानं तोंडानं टकटक आवाज काढला. काळी शेळी पुढं आली, छोट्या गेटाकडं पाहिलं, मग धनाजीकडं पाहिलं, आणि आत शिरली. तिच्यामागं एक मेंढी. मग दुसरी. मग तिसरीच्या अंगावर चौथी चढायला लागली, तेव्हा रंगुबाईनं गुडघा आडवा घातला. गुडघा विसरला नव्हता. वाघरीचं तोंड उघडून एकेक मेंढरू सोडायचं आणि विसा-विसानं मोजायचं, हे काम तिनं सातव्या वर्षापासून केलं होतं. एक वीस झाली. दोन विसा झाल्या. आतल्या बाजूनं मेंढरं मोटारींच्या मधून वाट काढत मोरीकडं चालली, आणि मोटारी वाजायला लागल्या.

पहिल्या गाडीतून यशराज उतरला. बारा नंबरच्या बंगल्यातला, बँकेत साहेब. "आजी, हे कधी संपणार?"

"एकेक जात्यात बगा. मोठं गेट असतं तर आत्तापातूर मोरी वलांडली असती."

"मग उघडा ना मोठं गेट!"

"मला कशाला सांगता? किल्ली अध्यक्षांकडं हाय."

यशराजनं फोन लावला. मागच्या सहा गाड्यांनीही लावले. सगळे एकाच माणसाला. पाच मिनिटांत नाथाजीराव पायजम्यावर स्वेटर घालून, स्लिपरा फटफटवत आले. गेटापाशी येऊन त्यांनी दम घेतला, किल्ली काढली आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठीक आहे. माणुसकी म्हणून आजच्या दिवस उघडतो. आजच्यापुरतं."

रंगुबाईनं कुलूप तळव्याखाली झाकलं.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"आजच्यापुरतं नको."

नाथाजीरावांना आधी कळलंच नाही. यशराजलाही नाही. "आजी, अहो उघडतायत ते! तुम्हाला हवं तेच करतायत!"

"मला काय हवंय ते मी सांगते की. दिवाळीमागनं एकदा आन जेठात एकदा, हे गेट मेंढरांसाठी उघडणार, असं कागदावर लिवून द्या. सही करा. मग उघडा. न्हाईतर चाललंय त्ये बरं चाललंय. तीन विसा झाल्या बी."

"आणि सहीचं म्हणाल तर," नाथाजीरावांचा आवाज चढला, "संमती तुम्हीच दिलीय. तुमचीच सही आहे!"

"व्हय, माझीच हाय. न वाचता केली, चुकले. आता चुकले म्हणून भावजय डंपरफुडं घालू? तुमी खात्यात हुतासा, तुमचं कवा काय चुकलं न्हाई?"

मागच्या गाडीत कुणीतरी हसलं. नाथाजीरावांनी तिकडं पाहिलं, पण काचा वर होत्या.

गेटापलीकडं बिराप्पा अवघडून उभा होता. आयुष्यभर पाटलांच्या, मालकांच्या, फौजदारांच्या पुढं मुंडासं काढत आलेला माणूस. तो गजांजवळ येऊन हळूच म्हणाला, "आक्का, उघडत्यात तर उघडू दे की. आजचं आज भागलं. जेठाचं जेठात बघू."

"तू गप रं." मग तिला त्याची कीव आली. आवाज उतरवून ती म्हणाली, "बिराप्पा, तेवीस वर्षं मी आजचं पानी भरलं. रोज. मला उद्याचं कुणी दिलं न्हाई, आन मी मागितलं बी न्हाई. आता मागतीया. तू मेंढरं सोड."

बिराप्पानं मान हलवली आणि मेंढरं सोडली.

याच वेळी पलीकडून स्कूटरचा हॉर्न वाजला. रात्रपाळी संपवून राणी आली होती. पांढरा गणवेश, त्यावर स्वेटर, केस विस्कटलेले. कळपाच्या मागं अडकली होती. मेंढरांतून वाट काढत ती मोठ्या गेटापर्यंत आली, आणि तिला बघून नाथाजीरावांचा जीव भांड्यात पडला.

"सिस्टर, बरं झालं आलात. तुम्ही तरी यांना समजवा. मी गेट उघडायला तयार आहे आणि या उघडू देत नाहीत! लोकांची कामं अडलीत."

रंगुबाईनं लेकीकडं पाहिलं नाही. चार विसा आणि सात. तिला मोजायचं होतं. शिवाय लेक काय म्हणणार ते तिला शनिवारीच कळलं होतं.

राणी स्कूटरवर तशीच बसून होती. मामी घोडं धरून तिच्या मागोमाग गेटापर्यंत आली होती. झोळीतल्या एका कोकरानं मान लांब केली आणि राणीच्या स्वेटरची बाही तोंडात धरली. सात गाड्यांतून लोक बघत होते. तेवढ्यात कोकरानं बाही सोडली आणि ओरडलं, "बें."

मागच्या गाडीतलं ते कुणीतरी पुन्हा हसलं.

राणी उतरली. स्कूटर ढकलत तिनं मोठ्या गेटाच्या दोन्ही झडपांसमोर आडवी लावली, अशी की कुलूप निघालं तरी गेट बाहेर उघडू नये. स्टँड लावला, हँडल लॉक केलं, चावी गणवेशाच्या खिशात टाकली.

"मामी, घोड्यावरचं उतरवा," ती म्हणाली. "ओझं काढलं की घोडं बसतंय छोट्या गेटातून."

"सिस्टर!" नाथाजीराव म्हणाले. "तुम्ही शिकलेल्या आहात!"

"म्हणून तर लेखी मागतेय. तोंडी काय, तोंडी आई तेवीस वर्षं पाणी भरत होती. कागद आणा, मी स्कूटर काढते."

रंगुबाईचं मोजणं चुकलं. पाच विसा की सहा, कळेना. तिनं तोंड फिरवलं आणि डोळ्यांत धूळ गेल्यासारखं केलं. धूळ होतीही म्हणा.

मग जे झालं ते पाहायला कॉलनीतला एकही माणूस घरात उरला नव्हता. मेंढरं संपली, आणि बिऱ्हाड निघालं. राणीनं दोन्ही कोकरं काखेत मारली. बिराप्पानं वाघर खांद्यावर घेतली. संयोगिताबाई चपला न घालताच आल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडं ते डालगं, कोंबड्यांची सवय आहे मला." यशराजनं घड्याळ पाहिलं, टाय खिशात कोंबला आणि छोट्या गेटातून बाहेर जाऊन भांड्यांचं गाठोडं उचललं. माणुसकी वगैरे नव्हे, त्याला नऊ चाळीसची मीटिंग होती. पण गाठोडं त्यानं नीट धरलं, तवा वाजू दिला नाही. धनाजी कुणाचा नोकर आहे याचा विचार करत थोडा वेळ उभा राहिला आणि मग गोधड्या घेऊन आला.

शेवटी घोडं. मोकळ्या पाठीचं, अंग चोरून, अडीच फुटांतून. एका बाजूला रंगुबाई मानेवर थोपटत, दुसऱ्या बाजूला बिराप्पाची बायको. पोट गजाला घासलं, निळा रंग थोडा अंगाला लागला, पण घोडं आत आलं. मोरीपाशी त्याच्यावर परत ओझं चढलं. बिराप्पानं भाकरीचं गठुडं घेतलं, बहिणीच्या पायाला हात लावला आणि हसत म्हणाला, "आक्का, जेठात घोडं जरा जाडं आसंल बग."

"यीव दे. तवर कागद हुईल."

कळप ओढ्यापलीकडं गेला. रस्त्यावर लेंड्या, धूळ, सात मोटारी, आणि मोटारींतली अर्धी माणसं रस्त्यावर. ती आता रंगुबाईकडं बघत नव्हती. सगळी नाथाजीरावांकडं बघत होती.

"आता तरी स्कूटर काढा," नाथाजीराव म्हणाले. "मेंढरं गेली ना."

"मेंढरं गेली. कागद कुठं आलाय?" राणी म्हणाली.

"त्यासाठी मीटिंग बोलवावी लागेल. असं रस्त्यात नाही होत."

"सगळे सभासद इथंच उभे आहेत, काका," यशराज पाठीमागून वैतागून म्हणाला. "घ्या मीटिंग."

नाथाजीराव घराकडं वळले. कागद आणायला गेले की दार लावायला, हे त्यांच्या पाठीवरून सांगता येत नव्हतं. राणी छोट्या गेटातून पुन्हा बाहेर गेली आणि स्कूटरला टेकली. रात्रभर उभी होती ती, पाय सुजले होते.

"आई," ती गजांतून म्हणाली, "खुर्ची आण की एक."

"एक कशाला?" रंगुबाई घराकडं निघाली. "दोन आणते."